दुबईचा ग्राहक ‘नेट थर्टी’, ‘बॉलपार्क’, ‘ऑन अकाउंट’ म्हणतो तेव्हा नेमकं काय धरायचं?

रावेरी_केळी

राम राम मंडळी. रावेर भागातला आमचा शेतकरी गट आजवर बांधावरच केळी देत होता. आता दुबईच्या एका ग्राहकाशी थेट बोलणी चालू आहेत, रिफर (थंड ठेवणारा) कंटेनर न्हावाशेवा बंदरातून जाईल. मालाचं इंग्रजी निभावतं, पण पैशाची गोष्ट निघाली की अडतं. त्याच्या मेलमधली वाक्यं अशी:

१. गिव्ह मी अ बॉलपार्क फिगर.
२. युअर प्राइस इज अ बिट स्टीप. कॅन यू नॉक समथिंग ऑफ?
३. थर्टी पर्सेंट अपफ्रंट, बॅलन्स नेट थर्टी.
४. वी विल सेंड फाइव्ह थाउजंड ऑन अकाउंट.
५. मनी इज टाइट धिस मंथ.

अर्थ तर सांगाच, पण उत्तर काय लिहायचं तेही सांगा.

सराफबाजार_जळगाव

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, पैसा तिथेच अडकतो.

‘अपफ्रंट’ म्हणजे माल निघायच्या आधी. आपल्या विसारासारखं, पण विसार नुसता सौदा पक्का करायला असतो आणि हे ३० टक्के खरोखर खात्यात पडायला हवेत. पेट्या भरायला घेण्याआधी रक्कम जमा झालेली बघा. ‘पाठवली आहे’ या शब्दावर कंटेनर लावू नका.

‘नेट थर्टी’ म्हणजे उरलेली रक्कम ३० दिवसांत. हे दिवस बहुतेक वेळा बिलाच्या तारखेपासून मोजतात. पण ग्राहकाच्या डोक्यात माल बंदरात उतरल्याची तारीख असू शकते, म्हणून ‘थर्टी डेज फ्रॉम इनव्हॉइस डेट’ असं पूर्ण लिहा. पुढे ‘ईओएम’ ही तीन अक्षरं दिसली तर सावध व्हा. त्याचा अर्थ महिना संपल्यावर ३० दिवस. ३ तारखेच्या बिलाचे पैसे मग पुढच्या महिन्याच्या अखेरीला येतात, म्हणजे जवळपास दोन महिने उधारी. ‘टू टेन नेट थर्टी’ लिहिलं असेल तर १० दिवसांत पैसे दिल्यास २ टक्के सूट, नाहीतर ३० दिवसांत पूर्ण रक्कम.

माझं मत विचाराल तर केळीला नेट थर्टी देऊच नये. माल पिकवून, विकून तो कधीच मोकळा झालेला असतो. उरलेले दिवस तो तुमच्या पैशावर धंदा करतो, आणि शेवटी ‘काही पेट्या वाटेतच पिकून पिवळ्या निघाल्या’ म्हणत रक्कम कापायलाही मोकळा. त्यापेक्षा ‘थर्टी पर्सेंट ॲडव्हान्स, सेव्हन्टी पर्सेंट अगेन्स्ट स्कॅन कॉपी ऑफ बी-एल’ मागा. बी-एल म्हणजे जहाज कंपनीची माल चढल्याची पावती. तिची नक्कल पाठवायची, पैसे खात्यात आले की मूळ प्रत सोडायची.

‘सीएडी’ म्हणजे कॅश अगेन्स्ट डॉक्युमेंट्स. यात पैसे भरल्याशिवाय बँक त्याच्या हाती मालाचे कागद देत नाही. ऐकायला पक्कं वाटतं, पण त्याने मालच उचलला नाही तर केळी बंदरात पडून राहतात आणि रिफरची वीज, जागेचं भाडं अंगावर येतं. ‘डीए थर्टी डेज’ (डॉक्युमेंट्स अगेन्स्ट ॲक्सेप्टन्स) त्याहून वाईट. नुसत्या सहीवर कागद त्याच्याकडे जातात, पैसे नंतर.

चौथं वाक्य फसवं आहे. ‘ऑन अकाउंट’ म्हणजे एकूण बाकीपोटी दिलेली रक्कम, कुठल्याही एका बिलाचे पैसे नव्हेत. नुसतं ‘थँक यू’ लिहिलंत तर पुढे तोच म्हणेल की पहिलं बिल चुकतं झालं. उत्तरात ‘रिसीव्हड् अगेन्स्ट इनव्हॉइस नंबर अमुक, बॅलन्स तमुक’ असं लिहा.

यावल_पॅकहाउस

पहिल्या दोनाचं मी सांगतो.

‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे अंदाजे आकडा. तो सहज मागतो, आपण मेलवर देतो आणि नंतर तोच मेल दाखवून म्हणतो, ‘तुम्हीच हा भाव दिला होता.’ म्हणून एक आकडा न देता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा पट्टा द्या आणि शेजारी ‘इंडिकेटिव्ह ओन्ली’ लिहा. पक्का भाव द्यायचा तेव्हा ‘व्हॅलिड टिल’ लिहून तारीख घाला. केळीचा भाव रोज हलतो, आठवडाभराची हमी देऊन बसू नका.

‘स्टीप’ म्हणजे भाव चढा आहे. यात राग नसतो, घासाघीस सुरू झाली एवढंच. ‘नॉक समथिंग ऑफ’ म्हणजे थोडे कमी करा. इथे गणित करून मगच बोला. पेटीमागे अर्धा डॉलर किरकोळ वाटतो, पण कंटेनरमध्ये १५०० पेट्या धरल्या तर ७५० डॉलर गेले. तो आकडा दिरहममध्ये बोलत असेल तर सोपं आहे, १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ दिरहम हा दर बांधलेला आहे. कमी करायचंच असेल तर बदल्यात काहीतरी मागा: ‘वी कॅन डू दॅट इफ यू पे फिफ्टी पर्सेंट अपफ्रंट.’

पुढे ‘लेट्स स्प्लिट द डिफरन्स’ येईल. म्हणजे दोघांच्या आकड्यांतला फरक निम्मा-निम्मा. पण त्याचा आकडा मुद्दाम खाली ठेवलेला असतो, त्यामुळे निम्म्यावर आलात तरी तोटा तुमचाच. आधी त्याला एकदा वर येऊ द्या, मग मधला आकडा.

आपला माल ‘चीप’ म्हणू नका हो! त्यात हलक्या मालाचा वास येतो. ‘कॉम्पिटिटिव्ह प्राइस’ म्हणा.

मास्तर_अमळनेर

पाचवं वाक्य. ‘मनी इज टाइट’ म्हणजे ओढाताण चालू आहे, पैसे उशिरा येतील. ‘वी आर इन द रेड’ म्हणाला तर खातं तोट्यात, प्रकरण गंभीर. आणि ‘यू विल हॅव टू टेक अ हेअरकट’ म्हणाला तर केस कापायचे नाहीत, ठरलेल्या रकमेतले काही पैसे सोडायला सांगतोय. ‘ईट द लॉस’ म्हणजे नुकसान तुम्ही सोसा.

‘ड्यू’ आणि ‘ओव्हरड्यू’ यांत गल्लत करू नका. ड्यू म्हणजे देय, मुदत बाकी असू शकते. ओव्हरड्यू म्हणजे मुदत टळून गेली. मुदतीआधीच ओव्हरड्यू लिहिलं तर माणूस दुखावतो. ‘आउटस्टँडिंग अमाउंट’मध्ये कौतुक काही नाही, ती बाकी आहे.

आपल्याकडे ‘पैसा उना का?’ (पैसे आले का?) विचारलं की भागतं, तिकडे पायरीने चढावं लागतं. मुदतीच्या दोन दिवस आधी ‘जस्ट अ जेंटल रिमाइंडर’. मुदत टळून आठवडा झाला की ‘द पेमेंट इज नाऊ सेव्हन डेज ओव्हरड्यू’. त्यानंतर ‘वी विल हॅव टू होल्ड द नेक्स्ट कंटेनर अनटिल धिस इज क्लिअर्ड’. लिहिलं की खरोखर थांबवायचं.

फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी सारखेच ऐकू येतात. ‘वन-फाइव्ह’, ‘फाइव्ह-झीरो’ असं फोडून सांगा आणि लगेच मेलवर टाका. लाख-कोटी त्यांना कळेलच असं नाही, १० लाख म्हणजे एक मिलियन. ‘ट्वेन्टी के’ किंवा ‘ट्वेन्टी ग्रँड’ म्हणजे वीस हजार, ग्रँडला शेवटी ‘स’ लागत नाही.

रावेरी_केळी

लई उपयोगाचं सांगितलं भाऊ. आज त्याचा मेल आला: ‘टीटी इज डन, चार्जेस शा.’ हे ‘शा’ काय?

सराफबाजार_जळगाव

टीटी म्हणजे बँकेतून पाठवलेली रक्कम. ‘टीटी कॉपी’ म्हणजेच स्विफ्टची (बँकांच्या आपसातल्या संदेशाची) प्रत मागा आणि त्यावर तुमचं नाव, खाते क्रमांक, रक्कम ताडून बघा. ती प्रत बनावटही असू शकते, म्हणून आपल्या बँकेला दाखवून रक्कम आली का तेही विचारा.

‘शा’ म्हणजे शेअर्ड, खर्च दोघांत. त्याच्या बँकेचा खर्च तो देतो, मधल्या बँका मात्र तुमच्या रकमेतून कापून घेतात. बिल २०,००० डॉलरचं आणि खात्यात त्याहून काही डॉलर कमी, असं होतं. मग बिल पूर्ण चुकतं दिसत नाही आणि बँकेत खुलासे करत बसावं लागतं. पुढच्या करारात ‘ऑल बँक चार्जेस ऑन बायर्स अकाउंट, ओयूआर’ लिहून घ्या, म्हणजे कपात त्याच्याकडून. ‘बेन’ लिहिलेलं दिसलं तर सगळा खर्च तुमच्यावर, ते मान्य करू नका. या खेपेला जेवढी रक्कम कमी येईल तेवढ्याचा उल्लेख पुढच्या मेलमध्ये आकड्यासकट करा, नाहीतर तो फरक कायमचा बुडाला समजा.