व्हेल्कला मराठीत काय म्हणायचं? शंख, गोगलगाय की शिंपला?

गंगापूर रोडवरची
नमस्कार मंडळी, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी थंड समुद्रातल्या प्राण्यांचे तक्ते मराठीत करतेय, बाकी सगळे झाले पण एका ठिकाणी गाडी अडलीये. प्राणी आहे व्हेल्क, शास्त्रीय नाव बुक्सिनम उंडाटम. उत्तर अटलांटिकमधला, म्हणजे ब्रिटन, नॉर्वे, आइसलंड ते पलीकडे कॅनडापर्यंत. साधारण 10 सेंमीपर्यंतचं कवच, मळकट पिवळसर, त्यावर उभ्या लाटांसारख्या घड्या आणि आडव्या बारीक रेघा. मी 'समुद्री गोगलगाय' लिहिलं, दुसऱ्या मॅडम म्हणतात 'शंख' लिहा, आणि प्रिंटिंगवाल्याने आपल्या मनाने 'शिंपला' टाकून प्रूफ पाठवलंय. कोणतं ठेवू?

सिडकोतली मालवणी
शिंपला आधी काढा हो! शिंपल्याला दोन झडपा असतात, तिसऱ्या, कालवं ही सगळी त्यातली. एकच कवच आणि तेही पीळ घातलेलं, तो शिंपला कसा होईल? नाशकात शंख-शिंपले हा जोडशब्दच एवढा घट्ट झालाय की लोकांना वाटतं दोन्ही एकच.

निफाडचा शेतकरी
गोगलगाय पण नका लिहू ताई. आमच्याकडं शंखी गोगलगाय म्हटलं की सोयाबीन, भाजीपाला, रात्रीतून रोपं फस्त, मग मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाका आणि सकाळी गोळा करत बसा. पोरं तक्ता बघून म्हणतील हा पण पाला खातो. खातो का?

गंगापूर रोडवरची
नाही, पक्का मांसाहारी. शिंपल्यातले प्राणी, समुद्री कृमी, मेलेले मासे, काहीही. पुढे एक नळी काढून पाण्यातला वास घेतो आणि लांबून मेलेल्या माशापाशी पोचतो, म्हणून तर तिकडचे मच्छीमार सापळ्यात वासाचा मासा किंवा खेकडा ठेवून त्याला पकडतात. तिकडे उकडून व्हिनेगर मारून खातात, फ्रान्समध्ये बुलो नावाने मिळतो, ब्रिटनचा बराच माल तर थेट दक्षिण कोरियाला जातो. आणि पाणी त्याला गारच लागतं, युरोपच्या बाजूला अंडी घालतो तीही पाणी चांगलं थंड झाल्यावर, शरद संपून हिवाळा लागला की.

निफाडचा शेतकरी
म्हणजे आमच्या जानेवारीतल्या पहाटेचं पाणी त्याला पाठवायला हवं 😄

पंचवटीवाला
मी शंखाच्या बाजूने, पण एक भानगड आहे ती बघा. मराठीत शंख म्हणजे वाजवायचा किंवा पूजेचा, तो टर्बिनेला पायरम नावाच्या हिंदी महासागरातल्या प्राण्याचा, आणि मुख्य म्हणजे आपण शंख म्हणतो ते फक्त घराला, आत राहणाऱ्याला नावच नाही. रामकुंडापर्यंत जो आला तो धुऊन पुसून रिकामा होऊनच आला ना, मग आतल्याला नाव ठेवणार कोण? त्यामुळे 'शंख मेलेला मासा खातो' हे वाक्य वाचताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं. तुमच्या तक्त्यात प्राणी आणि कवच दोन्ही असतील तर 'शंख' फक्त कवचाला वापरा.

आता मजा बघा, व्हेल्क नाशकात आधीच येऊन बसलाय. पूजेच्या दुकानात दक्षिणावर्ती, म्हणजे उजव्या वळणाचे, म्हणून जे मोठे मोठे शंख विकतात, त्यात अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे लाइटनिंग व्हेल्क बरेच असतात. खऱ्याच्या तोंडात आत बघितलं तर मधल्या खांबावर तीन-चार ठळक वळ्या दिसतात, या पाहुण्याला त्या नसतात. अर्थात तो व्हेल्क तुमच्या गारपाण्यातल्या व्हेल्कच्या घराण्यातला नाही, आडनाव तेवढं सारखं.

सिडकोतली मालवणी
दादा मग ताईंचा व्हेल्क डाव्या वळणाचा की उजव्या?

पंचवटीवाला
इथेच लोक भांडतात. प्राणीशास्त्रवाले टोक वर धरतात, तोंड आपल्याकडे, आणि तोंड उजवीकडे आलं तर उजवा. बुक्सिनम असा उजवा, डावा निघाला तर लाखातला एक वगैरे म्हणतात ते सोडा, पण दुर्मिळ नक्की. आपल्याकडे शंख उलटा धरतात, निमुळती पन्हळ वर, त्यामुळे तोच शंख आपला वामावर्ती, म्हणजे डावा, झाला. आणि ज्याला आपण दक्षिणावर्ती म्हणून हजारो रुपये मोजतो तो शास्त्राच्या पुस्तकात डावा. कोणीच चुकीचं नाही, धरायची पद्धत वेगळी. तक्त्यात 'उजवा' लिहिलंत तर कसा धरून ते पण लिहा, नाहीतर एखादे गुरुजी प्रदर्शनातच चूक काढतील.

गंगापूर रोडवरची
बापरे, ती ओळच काढते. बरं, शास्त्रीय नावाचा अर्थ बघितला तर बुक्सिना म्हणजे रोमन लोकांचं वाकडं रणशिंग आणि उंडाटम म्हणजे लाटा असलेला. त्यावरून 'लहरी शंख' कसं वाटतं?

निफाडचा शेतकरी
लहरी म्हणजे आज अंडी घालीन, उद्या बघू, असा वाटतोय 😂

सिडकोतली मालवणी
लहरदार करा फार तर. आणि रणशिंगावरून तुतारी शंख कोणी सुचवू नका, लोक म्हणतील इलेक्शनचा प्रचार चाललाय.

पंचवटीवाला
नवीन शब्द पाडायची गरजच काय? व्हेल्क हाच शब्द ठेवा आणि खाली 'थंड समुद्रातला शंखधारी प्राणी' अशी ओळ टाका. पेंग्विनला कुठे आपण मराठी नाव शोधलं, पोरांना काही अडलं नाही. वर्गाला मात्र चांगला शब्द आहे, गॅस्ट्रोपोडा म्हणजे उदरपाद. उदर म्हणजे पोट, पाद म्हणजे पाय. गोगलगाय नि पोटात पाय! आपल्या म्हणीत अर्थ आतल्या गाठीच्या माणसाचा आहे, पण निरीक्षण शंभर टक्के बरोबर. ही म्हण तक्त्यावर मोठ्या अक्षरात टाका, उदरपाद कोणी विसरणार नाही.

गंगापूर रोडवरची
हे भारी आहे, घेते. अजून एक, पायाला जे चकतीसारखं असतं, प्राणी आत गेला की दार बंद होतं त्याने, ते ऑपरक्युलम. त्याला?

सिडकोतली मालवणी
झाकण. सरळ झाकण लिहा. आणि आईला विचारा, उटण्यात नखला घालायचे ना, काष्ठौषधीच्या दुकानात अजून मिळतो, तो समुद्री शंखांचं असलंच झाकण असतो. म्हणजे दिवाळीत आपण अंगाला लावत होतो आणि माहीतच नव्हतं. तुमच्या व्हेल्कच्या अंड्यांचे रिकामे पुंजके पण खलाशी अंग घासायला वापरायचे असं वाचलंय, स्पंजसारखे असतात म्हणे.

गंगापूर रोडवरची
हो, तो फोटो आहे तक्त्यात. एकेका पिशवीत शेकड्यांनी अंडी, पण पिल्लं मोजकीच निघतात, बाकीची अंडी म्हणजे त्या पिल्लांचा डबा. आणि पिल्लू पोहत लांब जात नाही, तिथेच रांगत बाहेर येतं, त्यामुळे एका भागातले संपले की पुन्हा भरायला फार वेळ लागतो.

शेवटचं, तो व्हेल्क की ती व्हेल्क? शंख तो, गोगलगाय ती, आणि मी अर्धा तक्ता 'तो'मध्ये आणि अर्धा 'ती'मध्ये लिहून बसलेय.

निफाडचा शेतकरी
गोगलगाय ती असून दोन्ही असते, नर पण तीच मादी पण तीच. कृषी सहायकाने सांगितलं होतं, म्हणून एवढी वाढते.

पंचवटीवाला
जमिनीवरच्या बहुतेकांचं तसंच. व्हेल्कमध्ये मात्र नर वेगळा, मादी वेगळी. तेव्हा जातीला 'तो व्हेल्क' म्हणा आणि अंड्यांच्या चित्राखाली 'मादी' लिहा. फक्त एक, जहाजांच्या बुडाला शेवाळ, शिंपले चिकटू नयेत म्हणून टीबीटी (ट्रायब्युटिल टिन) या विषारी रसायनाचा रंग लावायचे, त्याच्या विषाने व्हेल्कच्या माद्यांना नराचे अवयव फुटायला लागले होते, शेवटी 2008 पासून जगभर बंदी आली त्या रंगावर. हे तक्त्यावर टाकायचं की नाही ते तुमच्या मुख्याध्यापकांना विचारून ठरवा.

गंगापूर रोडवरची
टीबीटी आणि बंदी टाकते, अवयव तोंडी सांगेन, तेही आठवीच्या पुढच्यांनाच.