मदत हवी आहे: सी स्लग बघायला डायव्हिंग कुठे करावं? (कोल्हापूरहून, फेब्रुवारीत)

रंकाळाकाठ
मंडळी, डायव्हिंगचं ओपन वॉटर (पहिल्या पातळीचं) सर्टिफिकेट आहे. मालवण आणि नेत्राणी (मुरुडेश्वरजवळचं बेट) झालंय. आता खास न्युडिब्रँक आणि बाकीचे सी स्लग, म्हणजे समुद्रातल्या बहुतेक बिनशंखाच्या गोगलगायी, बघायला जायचंय. फेब्रुवारीत आठवडाभर सुट्टी, विमान मुंबईहून. कॅमेरा ऑलिंपस टीजी-6, हाउसिंगसकट. लेंबे (इंडोनेशिया), अनिलाव (फिलिपिन्स), तुलांबेन (बाली) ही तीनच नावं जिकडंतिकडं दिसतात. निवडायचं कशावरून? आणि मालवणात हे जीव का दिसत नाहीत?

खडपी
जातींच्या याद्या बघून ठरवू नका. तळ कसला, महिना कुठला आणि एका जागी किती वेळ थांबू देतात, एवढं बघा. हे जीव खाण्याच्या बाबतीत भलते चोखंदळ. त्यांच्यातले डोरिड गटातले बहुतेक स्पंजवर, एओलिड गटातले हायड्रॉइडवर (झुडपासारखे वाढणारे बारीक जीव), सॅकोग्लॉसन गटातले शेवाळाचा रस शोषणारे. त्यात आयुष्य बहुतेकांचं वर्षभराच्या आतलं. त्यामुळे गेल्या वर्षी कुणाला दिसलेला प्राणी त्याच दगडावर तुम्हाला दिसेल याची खात्री नाही. त्याचं खाणं तिथं असेल तर शक्यता आहे.

फेब्रुवारी पक्का असेल तर अनिलाव. मनिलाहून रस्त्यानं साधारण तीन तास. हंगाम नोव्हेंबर ते मे. काळी वाळू, कोरल आणि उभे खडक, तिन्ही बोटीनं थोड्या थोड्या अंतरावर, म्हणून दिवसभरात वेगवेगळं खाणं असलेल्या जागा होतात. लेंबेही उत्तम, पण मनाडोपर्यंत विमानं बदलत जायचं आणि पुढं बितुंगपर्यंत गाडी. आठवड्यातले जाता-येता दोन-तीन दिवस प्रवासातच जातील.

काळी_वाळू
अनिलावला विरोध नाही, पण सुट्टी मे-जून किंवा ऑक्टोबरला सरकवता आली तर तुलांबेन बघा. तिथं डाइव्ह किनाऱ्यावरूनच. बोटीचं वेळापत्रक नाही, त्यामुळे आठ-दहा मीटरवर हवा संपेपर्यंत एकच उतार चाळत बसता येतं. फेब्रुवारीत मात्र बालीत पावसाळा. मोठा पाऊस झाला की डोंगरावरचं पाणी गाळ घेऊन किनाऱ्यालगत उतरतं, आणि सी स्लग नेमके तिथंच असतात. किनाऱ्यावर गोल गोटे आहेत, लाटेत पायाखालून सरकतात. जाड तळाचे बूट घ्या, फिन्स कमरेएवढ्या पाण्यात गेल्यावरच घाला.

हिरव्या पानावरचा 'शॉन द शीप' (कोस्टासिएला, मेंढीसारखा दिसणारा सी स्लग) बघायचा असेल तर गाइडला आदल्या दिवशी सांगून ठेवा. तो काही मिलिमीटरचाच. अॅव्हरेनव्हिलिया नावाच्या मखमली शेवाळाचं पान सापडलं तरच तो सापडतो. नुसतं 'न्युडी दाखवा' म्हटलं की मोठे, नेहमीचेच दाखवतात.

रंकाळाकाठ
सुट्टी सरकत नाही, म्हणजे अनिलाव. बुकिंग करताना काय विचारू? नायट्रॉक्सचा (जादा ऑक्सिजनवाली हवा) कोर्स करावा का?

खडपी
विचारा: एका गाइडमागे किती डायव्हर? दोनपेक्षा जास्त असतील तर रांगेत शेवटच्याला प्राण्याऐवजी उडालेला गाळच दिसतो. डाइव्ह 60 मिनिटांना संपवतात की पुढं चालू देतात, हेही विचारा.

नायट्रॉक्स कराच. 18 मीटरवर साध्या हवेची नो-डिको मर्यादा (वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहता येईल तेवढा वेळ) पीएडीआय या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यात 56 मिनिटं, 32 टक्के नायट्रॉक्सवर 95. या कामात खोली लागत नाही, वेळ लागतो.

सूट 5 मिलिमीटरचा. फेब्रुवारीत तिथलं पाणी 25-26 अंशांपर्यंत उतरतं आणि हलायचं जवळजवळ नाहीच, त्यामुळे तासाभरात हुडहुडी भरते. 3 मिलिमीटरच्या तुलनेत किलो-दोन किलो वजन जास्त लागेल, पहिल्याच डाइव्हला तपासून घ्या. वजन जास्त झालं की पाय खाली जातात आणि प्रत्येक किकला गाळ उडतो. फ्रॉग किक (बेडकासारखे पाय मारणं) आणि जागच्या जागी मागं सरकणं नेत्राणीतच घोटून जा.

काळी_वाळू
टीजीवर मायक्रोस्कोप मोड लावा, लेन्सपासून 1 सेंटिमीटरपर्यंत फोकस होतो. पण एवढं जवळ गेलात की हाउसिंगची सावली प्राण्यावर पडते, म्हणून थोडं मागं राहून झूम करा आणि बाजूनं टॉर्च द्या. फोकस डोक्यावरच्या शिंगांवर, म्हणजे रायनोफोरवर. वरून फोटो काढला की सगळेच सपाट चिकटपट्टीसारखे दिसतात. त्याच्या पातळीला उतरा, पण तळावर टेकू नका.

गगनबावडा_घाट
मालवणचं राहिलंच की. तिथं सी स्लग आहेत. पण खाडीच्या गाळानं पाणी गढूळ आणि पर्यटकांची डाइव्ह जेमतेम काही मिनिटांची, त्यात बोटाच्या पेरापेक्षा लहान प्राणी कुणाला दिसणार? अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी खूप खाली जाते. तेव्हा खडपांतल्या डबक्यांत टॉर्च घेऊन दगडांच्या कडा बघा. दगड उलटा केलात तर तसाच परत ठेवा, नाहीतर खालचं सगळं उन्हात मरतं.

आणि भावा, एक गोष्ट कुणी सांगत नाही. मालवणात दुपारी डाइव्ह करून लगेच घाटानं कोल्हापूर गाठू नकोस. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि डाइव्हमध्ये अंगात साठलेला नायट्रोजन बुडबुडे होऊन त्रास देऊ शकतो. आंबोली सुमारे 690 मीटर उंच. डायव्हिंगनंतर विमानात बसण्याचे डॅन या डायव्हर-सुरक्षा संस्थेचे नियम केबिनची उंची 610 मीटर झाली की लागू होतात. एका डाइव्हनंतर 12 तास, अनेक डाइव्हनंतर 18. गाडीतून का असेना, चढतोस तेवढाच. डाइव्ह सकाळी उरकून रात्री मालवणातच मुक्काम कर. अनिलावहून परतताना पण शेवटचा दिवस कोरडा ठेव.

रंकाळाकाठ
मुक्कामाचं ध्यानातच नव्हतं. नेत्राणीहून येतानाही घाट लागतोच की!

गगनबावडा_घाट
लागतोच. मुरुडेश्वरला राहा.