मदत हवी आहे: सांकेतिक लिपीतली पोथी आणि ती जुळवणारी संन्यासिनी

काल्पनिक राज्यातल्या कादंबरीसाठी महानुभाव पंथाच्या इतिहासावरून एक पात्र बेतते आहे. म्हाइंभटांनी 13 व्या शतकात माणसं गाठून, पडताळून चक्रधरस्वामींच्या आठवणी 'लीळाचरित्रा'त उतरवल्या. मूळ पोथी हरवल्यावर अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, त्यामुळे पाठभेद झाले. सकळ, सुंदरी या पंथाच्या सांकेतिक लिप्या नंतरच्या. स्वामी श्रद्धेय आहेत म्हणून त्यांच्यावर पात्र नाही. माझी नायिका पाठ जुळवणारी संन्यासिनी आहे.

अडकलंय ते लिपीत. अक्षराला अक्षर बदललं आणि काना-मात्रा तशाच ठेवल्या, तर वारंवार येणाऱ्या 'आणि', 'म्हणे'वरून चतुर वाचक चार पानांत किल्ली काढेल. मात्राही फिरवल्या तर किल्ली नसलेल्या नकलकाराला अर्थच लागत नाही. एक चूक पुढच्या सगळ्या प्रतींत उतरते. (कथेला ते सोयीचंच!) मग जोडाक्षरं आणि अनुस्वार कसे लपवावेत?

दुसरं, दोन पाठ भिडले तर तिने कौल कोणाला द्यावा: प्रसंगी हजर असलेल्याला, की ज्याचं पाठांतर चोख आहे त्याला? जुन्या पोथ्या हाताळणाऱ्यांनी कृपया सांगावं.