युद्धाच्या इतिहासावरची जाड पुस्तकं कुठून सुरू करू?

प्रश्न: प्रशियन सेनाधिकारी क्लाउझेविट्झचं 'ऑन वॉर' दोनदा हातात घेतलं आणि दोन्ही वेळा अर्ध्यात ढेपाळलो, नुसत्या लढायांच्या गोष्टी नकोत, युद्ध आणि राजकारण कसं जोडलेलं असतं ते कळायला हवंय, तर आधी काय वाचू?

रिप्लाय १: अहो तुमचा दोष नाहीये, ते पुस्तकच अर्धवट आहे! लेखक १८३१ मध्ये गेला, १८३२ पासून बायकोने, मारीने, छापून आणलं, आणि त्याच्या स्वतःच्या मते पहिल्या भागाचं पहिलं प्रकरण तेवढं पूर्ण झालेलं. तेवढंच सावकाश वाचा, बाकीचं नंतर.

रिप्लाय २: मी म्हणेन कीगनचं 'द फेस ऑफ बॅटल' आधी. अजिंकूर, वॉटर्लू, सोम या तीनच लढाया, पण सैनिकाच्या नजरेतून. राजकारण मात्र जेमतेम.

रिप्लाय ३: मग त्यांना कशाला सुचवताय 😄 राजकारण हवं असेल तर युरोपातल्या 'लष्करी क्रांती'चा इतिहासकारांमधला वाद वाचा. मायकेल रॉबर्ट्सने १९५५ च्या भाषणात मांडलं की १५६० ते १६६० मध्ये कवायती, डावपेच बदलले, फौजा फुगल्या, मग कर वाढले, कारकून वाढले, सरकारच बदललं. पुढे जेफ्री पार्करने १९८८ च्या पुस्तकात भर दिला तो तोफांना टिकणाऱ्या बुरुजांच्या किल्ल्यांवर, कारण असा किल्ला घ्यायचा म्हणजे महिनोन्महिने वेढा, आणि तेवढा काळ माणसं पोसायची कोणी? दोघांची भांडणं शेजारी ठेवून वाचा, तळटीपांसकट, खरी मजा तिथेच आहे.

प्रश्नकर्ता: पार्करपासून सुरू करतो, थँक्स.