सिव्हिलायझेशन ६ चं ‘गॅदरिंग स्टॉर्म’ : पूर, बांध आणि तुमचे अनुभव

वाळपईकर
भाच्याने सेलमध्ये सिव्ह ६ घेतलं, तो आळीपाळीने (टर्नांनी) चाली करत आपलं राज्य वाढवायचा कॉम्प्युटर गेम, सगळ्या विस्तारांसकट (म्हणजे मागाहून आलेले जादा भाग). काल बाहेर पाऊस धो धो आणि आत ह्याच्या नदीकाठच्या शहराला पूर. मला विचारतो, ‘मामा, शेतं वाहून गेली, मग तिथलं अन्न वाढलं कसं?’ त्याला काहीतरी सांगितलं आणि डोकं गेलं थेट २०१९ मध्ये.

‘गॅदरिंग स्टॉर्म’ फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं. वर्षभर आधी ‘राइज अँड फॉल’ आलं होतं. सुवर्णयुग, अंधारयुग, गव्हर्नर, निष्ठा वगैरे. आवडलं होतं, पण जमीन मात्र पाटासारखी गप्प पडून असायची. ‘स्टॉर्म’ने तिला जाग आणली. पूर, ज्वालामुखी, दुष्काळ, वादळं. पूर येतो, बांधलेलं मोडतो, माणसं मारतो आणि गाळ टाकून जातो, त्या गाळाने अन्न वाढतं. मग शहर वसवताना प्रश्न पडतो, नदीला चिकटून बसू की चार हात लांब? आधी हा प्रश्नच नव्हता, नदी दिसली की बसायचं.

मला विचाराल तर पैसे तिथेच वसूल. शेवटी येणारा राक्षसी रोबो वगैरे नसता तरी चाललं असतं.

एक सांगतो. जुलै २०२१ मध्ये आमच्या गोव्यातल्या सत्तरीत म्हादई नदीने घरं नेली, त्यानंतर कितीतरी महिने मी आपत्तींची पट्टी (त्या किती जोराने याव्यात ते ठरवणारी) सगळ्यात खाली ओढून खेळायचो. खेळ तोच, पण तो लाल इशारा बघवत नसे.

तुम्ही लिहा. कुठला विस्तार, काय आवडलं, काय डोक्यात गेलं. सिव्ह ४ आणि ५ वाले म्हातारे पण या.

अंत्रुजकर
पहिला! जेवून लिहितो

हुमण_शीत
२०२१ आठवतं रे भावा. मे महिन्यात तौक्ते, जुलैत पूर. तौक्तेत आमच्याकडे दिवसचे दिवस वीज नव्हती, फ्रीजमधले बांगडे गेले ते अजून विसरलेले नाही. घरचे सगळे ठीक होते ना तुमचे?

वाळपईकर
हो, आमचं घर उंचावर. काकांच्या घराची मागची भिंत गेली, माणसं वाचली.

शेवटचा_टर्न
इजिप्त घ्या आणि झोपा. ह्या विस्तारात इजिप्तच्या शेतांना, डिस्ट्रिक्टना (शहराच्या वेगवेगळ्या विभागांना) पुराचं नुकसानच नाही, नुसता गाळ. आपत्तींची पट्टी ४ वर ठेवायची आणि पुराची वाट बघायची. धाग्याचा विषय संपला 😄

खाजनातली_कुर्ली
संपला कसा? माझं भांडण अजून सुरूच व्हायचंय.

समुद्राची पातळी वाढण्याचा भाग. किनाऱ्याच्या सखल टाइल (नकाशावरची घरं) १, २, ३ मीटर अशा ठरलेल्या. कोळसा-तेल जाळून हवा तापली की एकेक बुडायला लागते. आधी पाणी शिरतं, तेव्हा वाचवता येते. पुढच्या टप्प्यात गेली ती कायमची गेली. उपाय काय, तर पूरभिंत. आणि ती मिळते कधी? कॉम्प्युटर्सचा शोध लागल्यावर!!

अरे माझ्या पणजोबांच्या पणजोबांनी कुठला कॉम्प्युटर बघितला होता? आमचं अख्खं गाव खाजनावर, म्हणजे भरतीचं पाणी अडवून राखलेल्या सखल जमिनीवर, उभं आहे. चिखल, दगड, पेंढा ह्यांचा बांध, त्यात लाकडी झडपांचा मानस, म्हणजे पाण्याचं दार. भरतीचं पाणी झडप ढकलून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी ती उघडून बाहेर जातं. कोणी बटण दाबायला नको. आत कोरगूट भात, जो खारटपणा सहन करतो, आणि मानसाच्या तोंडाशी मासे. बांधाची डागडुजी गावकरीने, म्हणजे गावच्या सामायिक संस्थेने, बघायची. पोर्तुगीज यायच्या आधीपासूनचं आहे हे सगळं.

हॉलंडला पोल्डर (पाणी हटवून केलेली जमीन) दिलेत, धरणं आणि पूरभिंती बांधायला सवलत दिली. छान. मग मध्ययुगातला साधा मातीचा बांध खेळातल्या एखाद्या तरी देशाला द्यायचा होता, भले तो दर काही टर्नांनी दुरुस्त करावा लागो. तीच तर खरी गंमत! बांध घालणं सोपं असतं हो, तो वर्षानुवर्षं राखायला गाव एकत्र राहावं लागतं. आमच्याकडे आता ते राहत नाही आणि खारं पाणी शेतात शिरतंय. त्याला हवामान बदलायची वाट बघावी लागली नाही.

त्यात ती पूरभिंत जितकी उशिरा बांधाल तितकी महाग. पाणी चढेल तसा खर्च चढतो. एवढं मात्र खेळात अगदी बरोबर आहे.

हुमण_शीत
🙏 वाचताना विसरले की गेमचा धागा आहे

मांडवीकाठी
कुर्लीने बांधावर लेख लिहावा? बांधाला भोकं पाडणारे खेकडे तुम्हीच ना 😂

खाजनातली_कुर्ली
म्हणून तर आतली माहिती आहे.

पेडण्याचा_पोर
धरणाबद्दल कोणी बोललं नाही. मी लगेच बांधत नाही, आधी दोनचार पूर येऊन गाळ बसू दे, मग बांधतो. मिलिटरी इंजिनियर हाताशी ठेवा, काम भराभर पुढे सरकतं.

पण एक प्रश्न. वरच्या अंगाला दुसऱ्या राज्याने धरण बांधलं तर खाली आपलं पाणी आटत का नाही? म्हादई लवादाने २०१८ मध्ये पाणी टीएमसीत वाटून दिलं तरी भांडण चालू आहे आणि इथे नदीवरून कोणी कोणाशी बोलत पण नाही. जागतिक काँग्रेसमध्ये (खेळातली सगळ्या देशांची सभा) पाण्याचा ठराव का नाही?

शेवटचा_टर्न
कारण मग खेळ संपायचाच नाही.

गृहमंत्री_ताई
मी खेळत नाही पण नवऱ्यामुळे सगळं ठाऊक आहे. ‘एकच टर्न’ म्हणतो. परवा रात्री पाणी प्यायला उठले तर हा कॅनडाशी भांडतोय. कॅनडाशी! काय केलं त्या गरिबांनी??

शेवटचा_टर्न
ताई, कॅनडावर अचानक हल्ला करताच येत नाही, तसा नियमच आहे ह्या विस्तारात. आधी निषेध करायचा, मग थांबायचं. म्हणून त्याला वेळ लागत असेल. भाऊंना समजून घ्या.

गृहमंत्री_ताई
चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट) बांधायची असते तेव्हा पण असंच थांबायला सांगतो

दोन_पानां
‘राइज अँड फॉल’ची निष्ठा कोणाला आवडते? मला फार. शेजारच्या मोठ्या राज्याची लोकसंख्या दाब टाकत राहते, तुमचं टिकलीएवढं शहर डळमळायला लागतं, मग स्वतंत्र नगर होतं, मग शेजारी गिळतो. गव्हर्नर नेमून, स्मारक बांधून धरून ठेवावं लागतं. गोव्यात जन्मलेल्याला हे शिकवावं लागत नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा (निशाणी फूल) की वेगळा ठेवायचा (निशाणी दोन पानं), ह्या १६ जानेवारी १९६७ च्या ओपिनियन पोलला आम्ही निष्ठेची पट्टी ओढूनच धरली होती ना, ३४ हजार मतांच्या फरकाने.

अंत्रुजकर
आलो जेवून. आणि आल्या आल्या ओपिनियन पोल! आमचं घर फुलवालं होतं हे आधीच सांगतो, तुमचं नाव बघूनच कळलं तुम्ही कुठले 😀 आजोबा शेवटपर्यंत म्हणायचे, फूलच निवडायला हवं होतं.

दोन_पानां
आमचे आजोबा उलट म्हणायचे. दोघेही मराठी पेपर वाचायचे, ती गंमत वेगळीच.

मांडवीकाठी
इथे नको रे बाबांनो. सीताफळाच्या झाडाखाली बसून बोला.

हिशेबनीस
राजनैतिक विजयाबद्दल (गुण साठवून जिंकायचा मार्ग) कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आधी १० गुण लागायचे, नंतर अपडेटने २० केले. काँग्रेस नेहमीच्या वेगात ३० टर्नांनी भरते. ‘जागतिक नेता’ ठरावात पुढे असलेल्याला सगळे मिळून २ गुण कापतात. तुम्ही आघाडीवर असाल तर तुमचे कापणारच. अशा वेळी स्वतःच्याच विरोधात मत टाका. ठराव ज्या बाजूने पास होईल त्या बाजूला मत दिल्याचा १ गुण मिळतो, म्हणजे नुकसान अर्ध्यावर.

दुसरं, राजनैतिक मर्जी (काँग्रेसमध्ये मतं टाकायला वापरायचं चलन) साठते ती एआयला विकता येते. सोनं देतात वेड्यासारखं. मी सुरुवातीचे सेटलर (नवं शहर वसवणारे) असेच विकत घेतो. काही लोकांना ही फसवणूक वाटते. मला वाटतं मंत्रिमंडळ कसं चालतं त्याचं ह्याहून प्रामाणिक चित्र कुठे नाही.

पेडण्याचा_पोर
स्वतःविरुद्ध मत 😂😂 आमच्या पंचायतीत झालंय हे

तिसवाडी_ते_अंत्रुज
विषय थोडा सरकवते. नंतरच्या पासमध्ये (तुकड्यातुकड्यांनी आलेले जादा भाग) मार्च २०२१ मध्ये पोर्तुगाल आलं, राजा जुआंव तिसरा. उत्सुकतेने घेतलं. तो पडद्यावर पोर्तुगीज बोलायला लागला आणि बाजूला आजी तांदूळ निवडत होती. तिचं शिक्षण पोर्तुगीजमधलं, कान टवकारले. ‘कोण गो हो?’ मी नाव सांगितलं. ‘हाच तो?’ म्हणाली आणि पुन्हा सुपात बघायला लागली.

आमचा देव तिसवाडीतला, नदी ओलांडून अंत्रुजात (फोंड्याकडे) आणलेला. तिसवाडीतली देवळं १५४० च्या सुमारास पाडली, तेव्हा गादीवर हाच. खेळात तो सज्जन व्यापारी आहे. क्षमतेचं नाव ‘कासा दा इंडिया’. परदेशी व्यापार फक्त किनाऱ्यावरच्या किंवा बंदर असलेल्या शहरांशी, पण मिळकत दीडपट. त्याचं ‘नाऊ’ जहाज परक्या किनाऱ्यावर जाऊन फेतोरिया (व्यापारी वखार) बांधतं. आणि त्या फेतोरियाने ज्याची जमीन त्यालाही सोनं मिळतं! दोघांचा फायदा! ह्यावर आजीचं मत मी विचारलं नाही.

जिंकले मी त्याला घेऊन. ताकदवान आहेच, बेटांच्या नकाशावर तर पैसा मोजवत नाही. पुन्हा मात्र घेतला नाही. कोणी म्हणेल गेम आहे, एवढं काय. असेल. मंगोल घेऊन मी शहरंच्या शहरं जाळलीत आणि काही वाटलं नाही, कारण चंगीझ खान आमच्या गावी आला नव्हता.

मांडवीकाठी
सुंदर लिहिलंत. फक्त एक पुरवणी, गोव्यातलं इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) १५६० चं, जुआंव १५५७ मध्येच वारला. लोक दोन्ही एकत्र करतात. अर्थात पोर्तुगालमध्ये १५३६ ला ते आणवलं त्यानेच, आणि १५४२ मध्ये झेवियर गोव्यात आले तेही त्याच्याच सांगण्यावरून.

तिसवाडी_ते_अंत्रुज
हो, मी देवळांचंच लिहिलंय. पण बरं केलंत.

सिव्ह४_म्हातारा
बोलावलंत म्हणून आलो. पोर्तुगाल नेहमीच मागाहून येतं, लक्षात घ्या. सिव्ह ३ मध्ये ‘कॉन्क्वेस्ट्स’ विस्तारात, सिव्ह ४ मध्ये ‘बियाँड द स्वोर्ड’ला (२००७, दुसरा जुआंव), सिव्ह ५ मध्ये ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ला (२०१३, मारिया पहिली). दर वेळी वेगळे पैसे मोजून विकत घ्यायचं. साडेचारशे वर्षं फुकट मिळालं होतं आम्हाला!

त्या मारियाच्याच राज्यात १७८७ चा पिंटोंचा पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा कट झाला, कांदोळीला. खेळात ती फार गोड बोलते.

आणि विस्तार म्हणाल तर ‘बियाँड द स्वोर्ड’सारखा पुन्हा झाला नाही. कॉर्पोरेशन, हेरगिरी आणि एकाच टाइलवर अख्खी फौज. आता एका टाइलवर एक शिपाई, चालताना एकमेकांना धडकतात नुसते.

शेवटचा_टर्न
काका तो ढीग परत नको. तुमच्या वेळचं सगळंच चांगलं होतं का 😄

सिव्ह४_म्हातारा
सगळं नाही. कॉम्प्युटर खोलीएवढा तापायचा.

रातपाळी
गांधींच्या अणुबॉम्बचा किस्सा खरा का? पहिल्या सिव्हमध्ये त्यांच्या आक्रमकतेचा आकडा उलटा फिरला आणि शांत गांधी अणुबॉम्ब टाकायला लागले वगैरे

हिशेबनीस
नाही. तसा बग नव्हताच असं सिव्हचे कर्ते खुद्द सिड मायरनी २०२० मध्ये सांगितलं. सिव्ह ५ मध्ये मात्र गांधींचा अण्वस्त्रांचा कल दहाच्या पट्टीवर मुद्दाम १२ ठेवला होता, गंमत म्हणून.

रातपाळी
अरेरे. माझ्या कॉलेजात ह्यावर पैजा लागलेल्या. बरं, कोणाला जुना लॅपटॉप विकायचाय का, ८ जीबी चालेल, मडगाव-फोंडा कुठेही येईन

गृहमंत्री_ताई
आमच्याकडे आहे. गेमसकट न्या. नवऱ्यासकट पण चालेल.

अंत्रुजकर
माझा अनुभव राहिलाच. मला तो विजेचा भाग आवडला. औद्योगिक काळात कारखान्यांना वीज लागते, सगळ्यात स्वस्त कोळसा. मी ठरवलं, कोळसा नाही. गावात ‘गोंयांत कोळसो नाका’चे फलक आम्हीच लावले होते, मग खेळात कसा जाळू. वारा, ऊन, धरण येईपर्यंत थांबलो. तोवर शेजारी सुलेमान कोळसा जाळून माझ्या दुप्पट पुढे गेला, धूर त्याचा आणि बुडाली माझी किनाऱ्यावरची तीन शहरं. एवढा राग मला खऱ्या आयुष्यात पण आला नव्हता.

खाजनातली_कुर्ली
ह्याला म्हणतात चांगलं डिझाइन. काँग्रेसमध्ये तुम्ही ओरडलात का?

अंत्रुजकर
ओरडलो. त्याने त्याच काँग्रेसमध्ये कसल्यातरी मलमलीवर बंदी आणली.

दोन_पानां
रॉक बँड विसरलात सगळे! श्रद्धेच्या गुणांवर विकत मिळतात. देवळांत साठवलेली श्रद्धा शेवटी ढोल-गिटारवर. एकदा माझा बँड दुसऱ्याच्या देशात पहिल्याच कार्यक्रमात फुटला, पुढचा मात्र सगळे पर्यटक घेऊन आला. हणजुण्याला राहणाऱ्याला ह्यात नवीन काही नाही, पार्किंगचा त्रास तेवढा दाखवलेला नाही.

वाळपईकर
भाचा वाचतोय सगळं, त्याला आता सगळ्यांबरोबर खेळायचंय. रविवारी मल्टिप्लेअर लावूया? पट्टी २ वर, मी तयार आहे. पोर्तुगाल कोण घेणार?

तिसवाडी_ते_अंत्रुज
मी नाही.

सिव्ह४_म्हातारा
मी हॉलंड. मांडवीच्या तोंडावर नाकेबंदी लावून बसतो, त्यांचीही जुनीच सवय ती.

खाजनातली_कुर्ली
हॉलंड माझं! पोल्डर मला हवेत, इतकं लिहिलं कशाला मी

पेडण्याचा_पोर
रविवारी नऊला नको, आमच्याकडे नाटक आहे आणि मी पडद्यावर आहे, म्हणजे पडदा ओढायला

वाळपईकर
मग रात्री दहा. आणि अपडेट आधीच मारून ठेवा, गेल्या वेळी एकाच्या अपडेटपायी बारा वाजले सुरू करायला.