लाच की साटंलोटं? २००३ चा अमेरिकी औषध कायदा आणि बिली टॉझिन

रॅरिटनकाठ

२००६ च्या शरदात मी न्यू जर्सीतल्या आमच्या नेहमीच्या औषधांच्या दुकानात उभी होते. सासूबाईंच्या त्याच गोळ्या होत्या, पण रक्कम आधीच्या महिन्याच्या कितीतरी पट. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "त्या आता डोनट होलमध्ये गेल्या." म्हणजे काय, ते घरी येऊन वाचलं. मेडिकेअर, म्हणजे पासष्टीच्या वरच्यांचा सरकारी आरोग्यविमा, त्याच्या नव्या औषध विम्यात वर्षाचा एकूण औषधखर्च २,२५० डॉलरला पोचला की विमा थांबायचा, तो ५,१०० होईपर्यंत सगळा भार आपल्या खिशावर. विम्याचा हप्ता मात्र दर महिन्याला चालूच. त्या दिवाळीत पुण्याहून आलेल्या भाच्याच्या बॅगेत चकलीच्या डब्याखाली चार महिन्यांच्या गोळ्या होत्या.

तेव्हापासून या कायद्याच्या मागे लागले आहे. अमेरिकेत भ्रष्टाचार नाही, निदान आपल्याकडच्यासारखा नाही, असं इथली मराठी मंडळी मला नेहमी सांगतात. पाकीट नाही, टेबलाखालचा हात नाही, टक्केवारी नाही, हे खरं आहे. तरीही मी हा धागा काढते आहे, कारण जे घडलं त्याला भ्रष्टाचाराशिवाय दुसरा शब्द मला सापडत नाही.

कायदा २००३ चा. पासष्टीच्या वरच्यांना सरकारी विम्यातून औषधं मिळावीत हा हेतू चांगलाच होता. पण त्यात एक कलम घातलं गेलं: औषधांच्या किमतींबाबत सरकारच्या आरोग्यमंत्र्यांनी कंपन्यांशी घासाघीस करायची नाही. जगातल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एकाला भाव करायला कायद्यानेच बंदी! निवृत्त सैनिकांसाठीचं सरकारी खातं त्याच औषधांचा भाव करतं, आणि त्याला ती पुष्कळ स्वस्त पडतात.

मतदान २२ नोव्हेंबरच्या पहाटे तीनच्या सुमारास सुरू झालं. प्रतिनिधिगृहात मतदानाला साधारण पंधरा मिनिटं देतात, हे जवळपास तीन तास उघडं ठेवलं. विधेयक हरत होतं, म्हणून एकेका सदस्याला गाठून वळवणं चालू होतं. शेवटी २२० विरुद्ध २१५. मिशिगनचे निक स्मिथ विधेयक आणणाऱ्या रिपब्लिकन पक्षाचेच असूनही विरोधात राहिले. त्यांचा मुलगा त्यांच्याच जागेवर उभा राहणार होता. मत फिरवलंत तर मुलाला पाठिंबा देतो, असं पक्षनेते टॉम डीले यांनी सांगितलं होतं. नीतिसमितीने पुढच्या वर्षी डीलेंना समज दिली. फक्त समज.

विधेयक घडवणाऱ्यांमध्ये ऊर्जा व वाणिज्य समितीचे अध्यक्ष बिली टॉझिन आघाडीवर होते. जानेवारी २००५ मध्ये ते काँग्रेसमधून, म्हणजे अमेरिकी संसदेतून, बाहेर पडले आणि औषध कंपन्यांच्या 'फार्मा' या संघटनेचे अध्यक्ष झाले. पगार वर्षाला सुमारे २० लाख डॉलर असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. मेडिकेअरचे प्रमुख टॉम स्कली विधेयकाच्या वाटाघाटी करत असतानाच खास परवानगी घेऊन बाहेर नोकरी शोधत होते. त्यांच्याच खात्यातले विमागणिती रिचर्ड फॉस्टर यांचा दहा वर्षांच्या खर्चाचा अंदाज पाचशे अब्ज डॉलरच्या पार गेला होता, काँग्रेसला सांगितला जात होता तो ४०० अब्जांच्या आत. खरा आकडा सदस्यांना दिलास तर नोकरी जाईल, असं स्कलींनी फॉस्टरना बजावलं. खात्याच्या चौकशीत हे सिद्ध झालं आणि गुन्हा मात्र कुठलाच ठरला नाही.

कुणीही तुरुंगात गेलं नाही, कारण कायद्याने यातलं काही गुन्हा ठरलंच नाही. माझा राग नेमका त्यावर आहे.

उलटतपासणी

तपशिलांबद्दल वाद नाही, निष्कर्षाबद्दल आहे.

टॉझिन नंतर फार्माचे अध्यक्ष झाले म्हणून कलम त्यांनी नोकरीसाठी घातलं, हे तुम्ही गृहीत धरता. ते उघड बाजारवादी होते, पक्ष बाजारवादी होता, राष्ट्राध्यक्ष बुश बाजारवादी होते. भाव सरकारने करू नये, विमा कंपन्यांनी करावा, हे त्यांचं उघड मत होतं. मत आवडलं नाही म्हणून त्याला लाच म्हणता येत नाही. २००४ च्या सुरुवातीला टॉझिन कर्करोगाने मरणाच्या दारात होते. एका नव्या औषधाने आपण वाचलो आणि म्हणून ही नोकरी घेतली, असं ते सांगत आले आहेत. खोटं म्हणायला तुमच्याकडे काय आहे?

दुसरं म्हणजे काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने जानेवारी २००४ मध्येच लिहून दिलं होतं की नुसतं ते कलम काढल्याने फारसा पैसा वाचणार नाही. 'हे औषध आम्ही विम्याच्या यादीतूनच काढू' असं म्हणायची ताकद नसेल तर घासाघीस पोकळ असते. आणि वृद्धांची सर्वांत मोठी संघटना, एएआरपी, या कायद्याच्या बाजूने उभी राहिली होती. तीही विकली गेली होती का?

तिसरं, आणि माझ्या दृष्टीने मुख्य: सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा हक्क अमेरिकी घटनेच्या पहिल्याच दुरुस्तीत आहे. लॉबिंग म्हणजे तेच. कंपनी करते तसं शिक्षक संघटना करते, कर्करोगाचे रुग्ण करतात. १९९५ च्या कायद्याने लॉबिस्टची नोंदणी सक्तीची आहे, कोणी कोणाकडून किती घेतले हे घरबसल्या वाचता येतं. उजेडात चालतं त्याला अंधारातल्या पाकिटाच्या पंगतीला बसवू नका.

देवराई

धागा आवडला. आमच्याकडे फाईल हलायला किती लागतात हे शिपाई सांगतो. तिथे फाईल हलल्यावर साहेब त्याच कंपनीत दिसतो, एवढाच फरक वाटतोय मला. सांगलीहून वाचतोय, चूकभूल द्यावी.

रॅरिटनकाठ

@उलटतपासणी, टॉझिन यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही, आणि ते शोधायची मला गरजही नाही. त्यांचा आजार खरा होता, कृतज्ञताही खरी असेल. पण २० लाखांची खुर्ची समोर दिसते आहे हे त्या सभागृहातल्या प्रत्येक समिती-अध्यक्षाला माहीत असतं. टॉझिन गेले त्या दिवशी ते उरलेल्यांनीही पाहिलं. आधी काही द्यावंच लागत नाही, ठरवावंही लागत नाही. आपल्याकडे या घरची मुलगी त्या घरी आणि त्या घरची या घरी देतात, हुंड्याची भाषाच होत नाही, तरी दोन्ही घरं एकमेकांची बांधील होतात. साटंलोटं ते हेच.

एएआरपीबद्दल: तुम्ही म्हणता ते बरोबर, पाठिंबा दिला होता. पण ती संघटना आपल्या नावाने सभासदांना विमा विकू देते आणि त्यातून तिला मोठं उत्पन्न मिळतं, हेही त्याच वाक्यात सांगायला हवं. सभासदांनी रागाने सभासदत्वाची कार्डं फाडली होती.

आणि अर्थसंकल्प कार्यालयाचं म्हणणं तुम्ही अर्धंच वापरलंत. यादीची ताकद नसल्याने घासाघीस पोकळ ठरते, मान्य. मग ती ताकद कायद्यात कोणी येऊ दिली नाही? त्याच कलमाने सरकारला स्वतःची यादी ठरवायलाही मनाई केली होती.

उलटतपासणी

यादीचा मुद्दा मान्य. तो माझ्याकडून सुटला.

पण साटंलोटं म्हणताना आपल्याकडेही बघा. २००५ मध्ये अणुकराराच्या वेळी भारत सरकारने वॉशिंग्टनमधली लॉबिंग फर्म लावली होती, बार्बर ग्रिफिथ अँड रॉजर्स. तिथे भारताचं काम पाहायला होते रॉबर्ट ब्लॅकविल, जे २००१ ते २००३ दिल्लीत अमेरिकेचे राजदूत होते. शिवाय शेकडो भारतीय-अमेरिकी डॉक्टर, इंजिनिअर, हॉटेलवाले आपापल्या खासदारांना भेटत होते. आमच्या मंडळातून आम्हीही गेलो होतो, सूट घालून, हातात दोन पानी टिपण घेऊन. २००८ मध्ये करार झाला तेव्हा पेढे वाटले. तो भ्रष्टाचार होता का?

रॅरिटनकाठ

तुम्ही टिपण घेऊन गेलात तो तुमचा हक्क होता, त्यासाठी मीही आले असते. ब्लॅकविल यांचं मात्र तसं नाही. राजदूत म्हणून जनतेच्या पैशावर जोडलेल्या ओळखी त्यांनी फर्मच्या गिऱ्हाइकासाठी वापरल्या. गिऱ्हाईक आपला देश होता म्हणून मला ते गोड वाटायचं कारण नाही.

सोनकी

प्रसारमाध्यमांची बाजू कुणी काढली नाही म्हणून लिहिते. २००४ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या अनेक स्थानिक वाहिन्यांवर याच कायद्याची 'बातमी' दाखवली गेली. एक बाई शांत, जाणकार आवाजात सांगते की वृद्धांना आता औषधं कशी परवडतील, आणि शेवटी नेहमीच्या थाटात नाव घेऊन वॉशिंग्टनहून निरोप घेते. ती त्या वाहिन्यांची बातमीदार नव्हतीच. आरोग्य खात्याने जनसंपर्क कंपनीकडून ती फीत करून घेतली होती. वाहिन्यांनी ती आयती बातमीपत्रात लावली, सरकारने बनवली आहे हे प्रेक्षकाला सांगितलंच नाही. त्याच वर्षी मे महिन्यात काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने हा छुपा प्रचार आहे आणि त्यावर सरकारी पैसा खर्च करणं बेकायदा आहे असा निर्वाळा दिला.

मी मराठी वृत्तपत्रात नऊ वर्षं उपसंपादक होते. आलेलं प्रसिद्धिपत्रक डेस्कवरून जसंच्या तसं पानात जाताना पाहिलं आहे, आणि एकदा जाऊ दिलं आहे. त्यामुळे माणसं कमी असलेल्या त्या छोट्या वाहिन्यांवर काय झालं असेल ते मला दिसतं. कुणी पैसे खाल्ले नसतील. संध्याकाळी सहाला दोन मिनिटं रिकामी होती आणि फीत फुकट होती.

शिवाय अमेरिकी वाहिन्यांवर डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या जाहिराती चालतात. १९९७ मध्ये औषध प्रशासनाने नियम सैल केल्यावर त्यांचा पूर आला. श्रीमंत देशांत हे अमेरिका आणि न्यूझीलंड सोडून कुठेच चालत नाही. संध्याकाळच्या बातम्यांच्या प्रत्येक ब्रेकमध्ये जो पैसे देतो, त्याच्या किमतींवर तासभराचा कार्यक्रम करायला संपादकाला छाती लागते.

मात्रा

मी बॉस्टनला औषध संशोधनात आहे, तेव्हा माझा स्वार्थ आधीच सांगते. जाहिरातींबद्दल सोनकींशी पूर्ण सहमत, त्या बंद झाल्या तर मला आनंदच होईल. पण किमतींचा विषय इतका सरळ नाही. आमच्याकडे दहा रेणूंवर वर्षानुवर्षं काम होतं आणि नऊ कचऱ्यात जातात. जगभरचे देश भाव पाडून घेतात आणि नव्या औषधांचा खर्च मुख्यतः अमेरिकी रुग्ण उचलतो. हे अन्यायाचं आहे, पण ते अचानक थांबलं तर पुढचं औषध कुठून येणार? २०२२ च्या कायद्याने मेडिकेअरला शेवटी काही औषधांचा भाव करायचा अधिकार दिला. त्यात साध्या गोळीला मान्यतेनंतर नऊ वर्षांनी कमी भाव लागतो, जिवंत पेशींपासून बनणाऱ्या जैविक औषधाला तेरा वर्षांनी. गोळीत गुंतवणूक कशाला, हा प्रश्न आमच्या बैठकांत खरोखर विचारला जातो.

रॅरिटनकाठ

@मात्रा, नऊ आणि तेराचा फरक मलाही पटत नाही, तो दुरुस्त व्हावा. पण वाटाघाटी झालेल्या पहिल्या दहा औषधांचे भाव बघा. १ जानेवारी २०२६ पासून ते लागू आहेत, मूळ किमतीपेक्षा ३८ ते ७९ टक्क्यांनी कमी. सर्वांत मोठी घट जानुव्हियामध्ये, महिन्याला ५२७ डॉलरवरून ११३. म्हणजे मधुमेहाची सिटाग्लिप्टिन, जिचं पेटंट भारतात २०२२ मध्ये संपलं आणि जी आता पुण्यात कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. २००३ ते २०२२ ही एकोणीस वर्षं गेली. त्या वर्षांतला सगळा पैसा प्रयोगशाळेत गेला असं तुम्हीही म्हणणार नाही.

सासूबाई २०१४ मध्ये गेल्या. शेवटची काही वर्षं त्या गोळी अर्धी करून घेत होत्या. ते आम्हाला त्यांच्या कपाटातल्या अर्ध्या गोळ्यांच्या डबीवरून कळलं.

उलटतपासणी

वाचून वाईट वाटलं, ताई.

तरी एक नोंदवतो. खरी लाच घेतली की ही व्यवस्था सोडत नाही. ओहायो राज्याच्या प्रतिनिधिगृहाचे सभापती लॅरी हाउसहोल्डर यांनी वीज कंपनी फर्स्टएनर्जीकडून आडमार्गाने सुमारे सहा कोटी डॉलर आणवले, बदल्यात अणुवीज केंद्रांना एक अब्जाहून जास्त मदत देणारा कायदा २०१९ मध्ये करून दिला. २०२३ मध्ये त्यांना २० वर्षांची शिक्षा झाली. सभापतीला वीस वर्षं! आपल्याकडे दाखवा.

रॅरिटनकाठ

ती शिक्षा योग्यच होती. पण ते अडकले ते सौदा बोलून दाखवल्यामुळे. संभाषणं ध्वनिमुद्रित झाली होती. पैसा ज्या प्रकारच्या संस्थेतून आला, तशा संस्थांना देणगीदार जाहीर करावे लागत नाहीत, आणि 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यानंतर, म्हणजे २०१० पासून, कंपन्यांनी अशा संस्थांमार्फत निवडणुकीत पैसा ओतणं कायदेशीर आहे. फक्त तोंड उघडायचं नाही.

आणि २०२४ चा स्नायडर खटला वाचा. इंडियानातल्या पोर्टेज गावच्या महापौरांच्या काळात एका ट्रक कंपनीला कंत्राटं मिळाली, नंतर कंपनीने त्यांना १३,००० डॉलर दिले. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन असं ठरवलं की राज्य आणि स्थानिक पदाधिकाऱ्यांसाठीच्या त्या केंद्रीय कायद्यात कामाआधी ठरलेली लाच बसते, कामानंतरची बक्षिसी बसत नाही. टॉझिन प्रकरणात मी जे सांगते आहे, त्याच्या शेजारी हे ठेवून बघा.

उलटतपासणी

ठेवलं. स्नायडरचा निकाल मलाही पटलेला नाही, अल्पमताचा निकाल जास्त सरळ होता. पण उपाय सांगा. माजी खासदाराला लॉबिंग आयुष्यभर बंद करायचं? मग शेतकरी, शिक्षक, नर्स निवडणूक लढवणारच नाहीत, कारण हरल्यावर पोटाचं काय? उरतील फक्त गडगंज लोक.

रॅरिटनकाठ

आयुष्यभर नको. आज प्रतिनिधिगृहातून निघालेल्याला एक वर्ष आणि सिनेटमधून निघालेल्याला दोन वर्षं थेट लॉबिंग करता येत नाही. त्या वर्षात संघटनेचं अध्यक्षपद मात्र घेता येतं, पगार घेता येतो, कोणी कोणाला भेटायचं हे ठरवता येतं. टॉझिन यांनी तेच केलं. माझी मागणी लहान आहे: ज्या उद्योगावर तुमच्या समितीची देखरेख होती, त्या उद्योगाकडून समिती सोडल्यावर सहा वर्षं पगार नाही, कुठल्याही पदावर नाही. नर्सने परत इस्पितळात जावं, शिक्षकाने शाळेत जावं, शेतकऱ्याने शेतात.

उलटतपासणी

आरोग्य समितीवर बसलेल्या नर्सचं इस्पितळही त्याच उद्योगात येतं. तिला सहा वर्षं घरी बसवणार?

रॅरिटनकाठ

नाही. खासदार होण्याआधी ती जे काम करत होती तिथे तिला परत जाता यावं. ही सूट घालायला हवी, बरोबर धरलंत. टॉझिन त्याआधी कुठल्याही औषध कंपनीत नव्हते.