मदत हवी आहे: अ‍ॅड्रिनलची (किडनीच्या वरच्या ग्रंथीची) गाठ, एव्हीएस (त्या ग्रंथींच्या शिरांतल्या रक्ताची) टेस्ट कुठं करावी?

नमस्कार मंडळी, खानापूर तालुक्यातनं लिहितोय. आमच्या वहिनी, वय 42, तीन गोळ्या चालू असूनपण बीपी 170/100 च्या खाली येईना, पोटॅशियम कमी, 2.9, पायात गोळे येतात. शुगर नाही, किडनी नॉर्मल, आणि लघवी जास्त व्हायची गोळी (त्यानंपण पोटॅशियम उतरतं) कधीच नव्हती, सगळे पहिलं तेच विचारतात म्हणून सांगून टाकतो.

बेळगावात सीटी केला, डाव्या अ‍ॅड्रिनलवर 1.4 सेंमीची गाठ. मेटानेफ्रिन (गाठ अ‍ॅड्रेनलिनसारखी हार्मोन सोडते का ते बघायची टेस्ट) नॉर्मल, रात्री डेक्सामेथासोनची 1 मिग्रॅ गोळी देऊन सकाळी बघतात ते कॉर्टिसॉलपण नॉर्मल. पोटॅशियमचं सिरप देऊन लेव्हल वर आणली मग अल्डोस्टेरॉन (अंगात मीठ धरून बीपी वाढवणारं अ‍ॅड्रिनलचं हार्मोन) आणि रेनिन (किडनीतनं येणारं, अल्डोस्टेरॉनला चालना देणारं) तपासलं, तर अल्डोस्टेरॉन भरपूर आणि रेनिन जवळजवळ नाहीच. स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनचा परिणाम अडवणारी गोळी) अजून दिलेली नाही.

सर्जन म्हणतात लगेच काढू. हार्मोनचे डॉक्टर म्हणतात थांबा, पस्तिशीनंतर नुसत्या सीटीवर जायचं नाही, गाठ डावीकडं दिसली तरी हार्मोन दोन्हीकडनं येत असेल तर ऑपरेशन करून बीपी तसंच राहणार, आधी एव्हीएस करून दोन्ही ग्रंथींच्या शिरांतलं रक्त वेगवेगळं तपासा. मला हेच पटतंय. पण उजवी शीर बारीक असते, नळी (कॅथेटर) बरोबर तिथं गेली नाही तर सगळा खर्च पाण्यात, म्हणून हात बसलेला माणूस पाहिजे.

कोल्हापूर, पुणे, बेंगळुरू कुठंही जाऊ, पण घरी लहान पोरं आहेत, लांब मुक्काम जमणार नाही. कुणी अलीकडं एव्हीएस करून घेतलंय का, कुठं, खर्च किती आला, आणि टेस्टच्या आधी बीपीच्या कुठल्या गोळ्या बदलायला लावल्या?